टोमॅटोचं बूड काळं पडतंय : पाणी कमी होतंय की जास्त?

जास्वंद | ९ मार्च, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर आमची गच्ची आहे, दिवसभर ऊन. संक्रांत झाली की टोमॅटोची ११ रोपं लावली, मिरचीची ६, वांग्याची ४ आणि एका मोठ्या टबात काकडी. झाडं कंबरेएवढी झाली, फुलं भरपूर आली, घरात सगळे खूश होते.

आता फळ लिंबाएवढं झालं की खालच्या बाजूला आधी ओलसर डाग दिसतो, मग तो तपकिरी होतो आणि शेवटी चामड्यासारखा काळा, आत दबलेला. देठाकडची बाजू एकदम चांगली. कापून बघितलं, आत अळी नाही. कालपर्यंत २१ फळं काढून टाकली. मोजताना डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

माती म्हणाल तर निम्मी गावाकडची काळी, उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्या दिवशी सगळ्या कुंड्या तुडुंब भरते, मधल्या दिवसांत भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी जमेल तसं. पानं फिकट वाटली म्हणून महिन्यापूर्वी प्रत्येक कुंडीत चमचाभर युरिया टाकला होता. दुकानात विचारलं तर बुरशीनाशक दिलं, दोनदा फवारलं, काही फरक नाही.

सासूबाई म्हणतात पाणी कमी पडतंय. शेजारच्या ताई म्हणतात जास्त होतंय. कुणाचं खरं मानू?


हुरडा | ९ मार्च, सकाळी ८.३२

दोघींचंही खरं आहे. एक दिवस जास्त, चार दिवस कमी.


कडबा | ९ मार्च, सकाळी ९.०५

हुरडा यांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा विस्तारानं सांगतो. कृषी खात्यात सहाय्यक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे.

ताई, हा रोग नाही, म्हणून बुरशीनाशकाचा उपयोग झाला नाही. ते आधी थांबवा. फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचत नाही, तिथल्या पेशी ढासळतात आणि काळ्या पडतात. मिरचीच्या टोकाला, ढोबळीला, कलिंगडालासुद्धा हेच होतं. काळ्या डागावर नंतर बुरशी बसते, त्यामुळे दुकानदाराला बुरशीच दिसली असणार.

पण कॅल्शियम पोचत नाही म्हणजे मातीत नाही असं नव्हे. आपल्या सोलापूरच्या काळ्या जमिनीत चुना कमी कधीच नसतो. मातीतला पांढरा खडा उचला, त्यावर थोडं व्हिनेगर टाका, फसफसून उठेल. माल भरपूर आहे, गाडी वेळेवर सुटत नाही. आणि ती गाडी म्हणजे पाणी.

युरियाही नको होता. त्यानं पाला एकदम वाढतो आणि सगळी ओढ पाल्याकडे जाते.


माळरान | ९ मार्च, दुपारी १.२०

कडबाकाकांच्या म्हणण्याला जोड देते. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हा भाग मला फार आवडतो.

मुळांनी ओढलेलं पाणी वर जातं ते मुख्यतः पानांमुळे. पानांतून वाफ बाहेर पडते, त्या ओढीनं खालून पाणी चढतं आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियम सोबत जातं. टोमॅटोच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यातून वाफ फारशी बाहेर पडत नाही. म्हणून पाणी पुरेसं असतानाही फळाच्या वाट्याला कॅल्शियम थोडंच येतं, आणि बूड तर देठापासून सगळ्यात लांब. पाणी तुटलं की पहिला फटका तिथे बसतो.

आणखी एक. नत्र (नायट्रोजन) किंवा पालाश (पोटॅशियम) कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून काढून नव्या वाढीला देऊ शकतं. कॅल्शियमचं तसं होत नाही. ते एकदा पेशीच्या भिंतीत बसलं की बसलं. त्यामुळे फळ वाटाण्यापासून लिंबाएवढं होईपर्यंत, म्हणजे जोरात वाढण्याच्या दिवसांत, चार दिवस पाणी तुटलं तर पाचव्या दिवशी बादलीभर ओतून ते नुकसान भरून येत नाही.


नवी_झारी | ९ मार्च, दुपारी २.४५

मग अंड्याची टरफलं? सगळीकडे तेच सांगतात. मी महिनाभर साठवलीत.


कडबा | ९ मार्च, दुपारी ३.१०

टाका, वाया जात नाहीत, पण कुजायला फार वेळ घेतात. आत्ताच्या फळाला त्यांचा उपयोग नाही. बारीक पूड करून पुढच्या हंगामाच्या मातीत मिसळा.


सांगोल्याचं_डाळिंब | ९ मार्च, रात्री ८.५०

काकांचा मान राखून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. शेतातल्या मातीला त्यांचं म्हणणं शंभर टक्के लागू. पण ताईंच्या कुंडीत कोकोपीट आहे. कोकोपीटमध्ये सोडियम-पालाश असतं आणि ते कॅल्शियम स्वतःलाच धरून ठेवतं. म्हणून चांगलं कोकोपीट आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, धुऊन विकतात. स्वस्तातल्या विटेवर तसं काही केलेलं नसतं. तेव्हा कॅल्शियम नायट्रेट लिटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी दिलं तर बिघडणार नाही. फवारणीवर माझा भरवसा नाही, पानावरून फळात फारसं काही उतरत नाही.


कडबा | ९ मार्च, रात्री ९.२०

हे मान्य. कोकोपीट माझ्या ध्यानातून सुटलं. पण क्रम चुकवू नका, आधी पाणी बसवा, मग खत. पाणी तसंच उलटसुलट राहिलं तर कॅल्शियम नायट्रेटही कुंडीतच पडून राहील.


सांगोल्याचं_डाळिंब | ९ मार्च, रात्री ९.४०

त्यात वादच नाही. आमच्याकडे डाळिंब तडकतं त्याचं मोठं कारण हेच. साल कोरडी पडून ताठ झालेली असते, मग एकदम पाणी दिलं किंवा अवकाळी पाऊस झाला की दाणे आतून फुगतात, साल ताणत नाही, उकलते. मागे एका वर्षी मोटार आठवडाभर बंद होती. दुरुस्त झाल्यावर आनंदात रात्रभर ठिबक चालू ठेवलं. चौथ्या दिवशी भगवा जातीच्या डाळिंबाची फळं झाडाझाडांवर उकलून हसत होती. त्या बागेत पाय टाकवत नव्हता. तेव्हापासून खंड पडला तर पहिलं पाणी हलकं, दुसरं थोडं जास्त, असं चढतं देतो. ताईंच्या टोमॅटोलाही बुडाचा त्रास संपला की तडकण्याचा सुरू होईल, सवय बदलली नाही तर.


रात्रपाळी | १० मार्च, पहाटे १.१५

मी कामावरून रात्री बाराला येतो, तेव्हाच पाणी घालतो. रात्री पाणी घातलं की रोग येतो म्हणतात. माझ्याकडे तर काही आलं नाही. मग सकाळीच घाला हा आग्रह कशाला?


माळरान | १० मार्च, सकाळी ७.३०

तुम्ही मुळाशी घालता की वरून?


रात्रपाळी | १० मार्च, दुपारी १२.०५

मुळाशीच. तांब्यानं.


माळरान | १० मार्च, दुपारी १२.४०

मग म्हणूनच काही आलं नाही. रात्र हे कारण नाही, पान ओलं राहणं हे कारण आहे. करप्याच्या बुरशीला पानावर काही तास पाण्याचा थर मिळाला की ती आत शिरते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी की पान मिनिटांत वाळतं. तेच ऑगस्ट-सप्टेंबरात किंवा दव पडतं त्या थंडीत संध्याकाळी झारीनं वरून आंघोळ घातली तर पान सकाळपर्यंत ओलं. दुसरं म्हणजे वरून पडलेल्या धारेनं माती उडते आणि मातीतले रोगजंतू खालच्या पानांवर जाऊन बसतात. टोमॅटोच्या करप्याचे गोल-गोल वलयांचे डाग सगळ्यात आधी खालच्या पानांवर येतात ते त्यामुळे. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाकली तरी फरक पडतो.

सकाळ बरी कारण झाड दिवसभराची शिदोरी घेऊन उन्हाला सामोरं जातं, एवढंच. तुम्ही रात्री बिनधास्त घाला.


सांगोल्याचं_डाळिंब | १० मार्च, दुपारी १.३०

शिंतोड्यांचा मुद्दा लाख मोलाचा. डाळिंबावरचा तेल्या रोग असाच पावसाच्या थेंबांबरोबर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जातो. ओल्या झाडात कात्री चालवायची नाही, हात लावायचा नाही. टोमॅटोचे फुटवेसुद्धा झाड कोरडं असतानाच खुडा.


हुरडा | १० मार्च, दुपारी २.००

आणि भुरी? माझ्या दोडक्यावर दर थंडीत पीठ सांडल्यासारखी येते. मी तर पानाला पाण्याचा थेंब लागू देत नाही.


माळरान | १० मार्च, दुपारी ४.१५

भुरी वेगळ्या स्वभावाची. तिला पानावर पाणी लागत नाही, उलट साठलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. दाट वेल, कोंदट सावली, दिवसा कोरडं आणि रात्री दमट, असं तिला आवडतं. वेल मोकळा करा, आतली जुनी पानं काढा. केवडा मात्र ओल्या पानाचाच रोग. दोन्ही वेलवर्गीय भाज्यांवर येतात, म्हणून गोंधळ होतो.


बोरामणीचा_शेतकरी | १० मार्च, रात्री ८.२५

समदं वाचलं. एक शब्द कुणीच काढला न्हाई. वाफसा.

आमच्या आज्याला किती लिटर, कितीदा, असलं काई ठावं नव्हतं. मातीत हात घालायचा, मूठ आवळायची. चिखल बोटाच्या फटीतनं वर आला तर पाणी नगं. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर उशीर झाला. गोळा झाला आन् बोटानं टोचल्यावर फुटला, तो वाफसा. त्यात मुळीला पाणी बी मिळतं आन् हवा बी. मुळीला हवा लागती ह्ये शहरातली माणसं इसरत्यात. कुंडी रोज भिजवून चिखल केला तरी झाड मरतंय आन् वाळवलं तरी मरतंय.

दुसरं. काळी माती वाळली की भेगाळती. त्या भेगांतनं खालचा वलावा उडून जातो. आमच्यात म्हनत्यात, एक कोळपणी, अर्धं पाणी. कोळपणी म्हंजी वरची माती हलवून भेगा बुजवायच्या. मालदांडी ज्वारी नुसत्या थंडीतल्या वलीवर येती ती असंच रान भुसभुशीत ठिवल्यानं. कुंडीत खुरप्याचं टोक घ्या, वरचा बोटभर थर हलवा, मुळी तोडू नका.


कडबा | १० मार्च, रात्री ९.००

बोरामणीकर, मनातलं बोललात. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३ पासून संशोधन चालू आहे, आणि ओल धरून ठेवणं हाच त्यातला मोठा विषय.

कुंडीतल्या भेगांबद्दल आणखी एक सांगतो, कारण जास्वंदताईंच्या बाबतीत हेच होत असणार. काळी माती आणि कोकोपीट दोन्ही वाळल्यावर आकसतात, कुंडीच्या कडेपासून सुटतात. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली. मधला मुळांचा गोळा कोरडाच. तेव्हा फट हातानं दाबून बुजवा, आधी तांब्याभर पाणी सावकाश घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. आणि नंतर अगरबत्तीची काडी खोल खुपसून बघा. ओली निघाली तर खरं.


जास्वंद | ११ मार्च, सकाळी ८.००

कडबाकाका, काल रात्री लगेच बघितलं. कालच नळ आला होता, सगळ्या कुंड्या भरल्या होत्या. तपासलेल्या बारापैकी सात कुंड्यांत काडी मधोमध कोरडी निघाली! मी थक्क झाले. इतके दिवस मी पाणी गच्चीला घालत होते, झाडाला नाही.

पण मग रोज द्यायचं तर पाणी आणू कुठून? नळ काही रोज येणार नाही.


माळरान | ११ मार्च, दुपारी १.१०

नळाचं वेळापत्रक झाडाला लागू द्यायचं नाही, मधे साठा हवा. हिशेब करू. मार्चमधलं ऊन धरून फळावरच्या मोठ्या टोमॅटोला रोज २ लिटर, ११ झाडांचे २२. मिरचीला १, म्हणजे ६. वांग्याला दीड, म्हणजे ६. काकडीच्या टबाला ५. एकूण ३९, म्हणजे धरा ४०. पाच दिवसांचे २०० लिटर. एक ड्रम पुरतो. मे महिन्यात यापेक्षा बरंच जास्त लागेल, तेव्हा काही झाडं निघालेली असतील.

जमिनीत वाफा करणाऱ्यांसाठी, १ मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला १ लिटर. मी मे महिन्यात गच्चीवर सरळ कडांचं स्टीलचं पातेलं भरून ठेवते, मुलांना प्रयोग म्हणून. कडक उन्हाच्या दिवसांत पाणी रोज जवळजवळ सेंटिमीटरभर खाली जातं. यावरून आपली झाडं काय सोसतात ते कळेल.


कडबा | ११ मार्च, दुपारी १.३०

ड्रम भरला की २०० किलोच्या वर जातो. गच्चीच्या मधोमध नको, भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवा. आणि वरून फडकं घट्ट बांधा. उघड्या पाण्यात डास झाले की डेंगूला आमंत्रण.


नीलमनगरची_अक्का | ११ मार्च, दुपारी ४.३०

जास्वंद, बाळा, संक्रांतीची सुगडं काय केलीस? टाकून दिलीस का?

मी दरवर्षी ओळखीच्या बायकांकडून गोळा करते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सरली की माझ्याकडे वीस-पंचवीस जमतात. रंग न लावलेलीच घ्यायची, रंगानं छिद्रं बुजतात. झाडापासून चार बोटं लांब, सुगड गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरायचं, वर पणती उपडी झाकायची. भाजलेल्या, बिनरंगाच्या मातीच्या अंगातून पाणी झिरपतं. माती ओली असली की झिरपणं मंदावतं, वाळली की वाढतं. माणसाला सांगावं लागत नाही. वरची माती कोरडी राहते म्हणून तण कमी, खोड कोरडं राहतं म्हणून कूज नाही. मोठ्या टबाला सुगड पुरत नाही, तिथे गळणारा जुना माठ पुर. आमच्या काकडीच्या टबात तोच आहे. आधी काकडी कडू निघायची, आता पोरं टबाशेजारी बसूनच खातात.


हुरडा | ११ मार्च, दुपारी ४.४५

अक्का, काकडी आणि शेंगाचटणी घेऊन आम्ही येतोच.


नीलमनगरची_अक्का | ११ मार्च, संध्याकाळी ६.००

या, कडक भाकरीही आहे.


माळरान | ११ मार्च, संध्याकाळी ६.३०

अक्कांनी काकडीबद्दल जे सांगितलं ते अगदी बरोबर. पाण्याचा ताण आणि उष्णता वाढली की काकडीत कडू द्रव्य वाढतं, देठाकडे जास्त. फार कडू लागली तर टाकून द्यावी, खाऊ नये, पोट बिघडतं. दुधीच्या बाबतीत तर हे काटेकोर पाळा.


पुण्यातून_सोलापूरकर | ११ मार्च, रात्री १०.१०

मडकं चांगलं, पण बोअरच्या पाण्यानं त्याची छिद्रं क्षारांनी भरतात, असा माझ्या वडिलांचा होटगी रोडच्या घरचा अनुभव. दुसऱ्या वर्षी पाणी झिरपेना. त्यापेक्षा उंचावर टाकी ठेवून ठिबक करा. एकदा बसवलं की काळजी नाही.


सांगोल्याचं_डाळिंब | ११ मार्च, रात्री १०.३५

दादा, ठिबकच्या ड्रिपरमध्येही तेच क्षार बसतात. आम्ही नळ्यांत आम्ल सोडून त्या धुतो. बोअरच्या पाण्यावर काळजीतून सुटका कुठेच नाही. घरच्या मडक्याला व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवून काथ्यानं घासलं तर बरीचशी छिद्रं मोकळी होतात.

बोअरचं जड पाणी कुंडीला सतत देणाऱ्यांनी एक पाळा. महिन्यातून एकदा नळाचं किंवा पावसाचं पाणी भरपूर घालून खालून वाहू द्या. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला म्हणजे मातीत मीठ साठलंय. खारट मातीत पाणी असूनही मुळं ते ओढू शकत नाहीत, आणि बूड काळं पडण्याला तेही एक कारण आहे.


नवी_झारी | १२ मार्च, सकाळी ९.२५

माझं वेगळंच आहे. वांगं दुपारी मान टाकतं, मी पाणी घालते. संध्याकाळी पुन्हा मान टाकलेली, पुन्हा घालते. माती कायम ओली, तरी झाड सुकत चाललंय. आता काय करू?


कडबा | १२ मार्च, सकाळी १०.००

पाणी ताबडतोब बंद करा. दुपारी मान टाकणं हे नेहमी तहानेचं लक्षण नसतं. कडक उन्हात मुळं पुरवू शकतात त्यापेक्षा जास्त वाफ उडते, पान लवतं, ऊन उतरलं की सावरतं. सकाळी सातला बघायचं. तेव्हाही मान खाली आणि माती कोरडी असेल तर पाणी हवं. मान खाली आणि माती ओली असेल तर मुळाशी गडबड आहे. माती कोरडी होऊन भर दुपारी खरोखर सुकलं असेल तर मात्र संध्याकाळची वाट बघू नका, लगेच द्या.

झाडाच्या बुंध्याजवळून एक फांदी कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टोक धरा. पाच-दहा मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूची मर. मग झाड मातीसकट बाहेर. धार नाही आली तर एक बाजू उकरून मुळं बघा.


नवी_झारी | १२ मार्च, संध्याकाळी ५.५०

धार आली नाही. मुळं तपकिरी, हाताला लागली तर साल सुटून येते, वास येतोय. कुंडीचं भोक गांडूळखतानं बंद झालं होतं.


कडबा | १२ मार्च, संध्याकाळी ६.१५

मूळकूज. भोक मोकळं करा, तळाशी खापरीचे तुकडे घाला, कुजलेली मुळं कापा, थोडं ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेल्या कोरड्या मातीत लावा, वरचा पाला निम्मा छाटा, आठवडाभर सावलीत ठेवा. वाचेल की नाही हे मी खात्रीनं सांगत नाही. प्रयत्न करा.


बोरामणीचा_शेतकरी | १२ मार्च, रात्री ८.००

मुळ्यावर गाठी हायत का बघा. सूत्रकृमी, म्हंजी मुळीत शिरणारा बारीक किडा, असला तरी वल्या मातीत झाड दुपारी मान टाकतंय. तसं असंल तर त्या मातीत पुढं झेंडू लावा, लगेच वांगं-टमाटं नगं.

आन् आळं करताना खोडाला मातीची भर द्या, पाणी बाहेरच्या चरीत. लिंबाला, पपईला आमी दुहेरी आळं करतो ते त्याचसाठी. खोड भिजत राहिलं की बुंध्यात कूज लागती.


रात्रपाळी | १३ मार्च, पहाटे १२.५०

पान ओलं करू नका हे पटलं. पण माझ्या मिरचीच्या पानामागे लाल कोळी झालीय, जाळी दिसते. एकानं पाण्याचा जोरात फवारा मारायला सांगितलंय. मग मारू की नको?


माळरान | १३ मार्च, सकाळी ७.४०

मारा. कोळी कोरड्या, तापलेल्या हवेत वाढते, पानांच्या मागच्या बाजूवर जोराची धार बसली की बरीचशी धुऊन जाते. आत्ताच्या हवेत पान लगेच वाळेल. सकाळी मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. पावसाळ्यात हाच उपाय करू नका. मिरचीची पानं वाटीसारखी वळली असतील तर तो चुरडा-मुरडा, तिथे फुलकिडे, कोळी किंवा विषाणू बघावा लागेल, पाणी कमी-जास्त करून तो जाणार नाही.


सांगोल्याचं_डाळिंब | १३ मार्च, सकाळी ८.१०

उन्हात पडलेला पाइप असेल तर पहिलं पाणी बादलीत सोडा. हात भाजेल एवढं तापलेलं असतं, झाडावर नको.


बोरामणीचा_शेतकरी | १३ मार्च, रात्री ९.१०

जास्वंदताई, आच्छादन इसरू नका. उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, न्हाईतर कडबा बारीक करून. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा न्हाई, आन् लोक पेटवून देत्यात, त्याचं लई वाईट वाटतं. खोडाला मात्र चिकटवू नका.


जास्वंद | ५ एप्रिल, सकाळी ७.१५

मंडळी, जवळजवळ महिन्यानं लिहितेय. मुद्दाम थांबले, काहीतरी खरं दिसल्यावरच सांगावं म्हणून.

ड्रम घेतला, भिंतीलगत ठेवला. अक्कांच्या सांगण्यावरून घरातली आणि शेजारची मिळून १४ सुगडं पुरली, टबात माठ. बोरामणीच्या दादांनी सांगितलेलं पाचट मावसभावानं पोतं भरून आणून दिलं. युरिया बंद, कॅल्शियम नायट्रेट दोनदा मुळाशी. सकाळी साडेसहाला तांब्यानं पाणी, आधी थोडं, मग कुंड्यांची एक फेरी मारून उरलेलं.

पहिले दहा-बारा दिवस फळं काळी पडतच होती, मी खचले होते. मग माळरानताईंचं आठवलं, आधी बिघडलेलं भरून येत नाही. नंतरच्या घोसांत ३४ फळं धरली, त्यातली ३ काळी पडली. बाकीची रंगावर आहेत. परवा सासूबाईंनी पहिला टोमॅटो कापला, आधी उलटा करून बूड बघितलं आणि मग माझ्याकडे बघून हसल्या.

एक मात्र आहे, गेल्या आठवड्यापासून फुलं गळतायत. पाणी तर नीट आहे.


कडबा | ५ एप्रिल, सकाळी ८.००

फार आनंद झाला ताई. फुलगळ पाण्याची नाही, उष्णतेची. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल गळतं. पाणी वाढवू नका, मुळं कुजतील. ५० टक्क्यांची हिरवी जाळी दुपारच्या उन्हाला आडवी बांधा, धरलेली फळं तरी सुखरूप पिकतील.


जास्वंद | ५ एप्रिल, सकाळी ८.४०

जाळी आजच आणते. अजून एक अडचण, १८ तारखेपासून आठ दिवस गावाला जायचंय. सुगडं दोन दिवसांत रिकामी होतात.


नीलमनगरची_अक्का | ५ एप्रिल, सकाळी ११.२०

घरात जुनी सोलापुरी चादर असेल, सुती, विरलेली. तिच्या दोन बोटं रुंद लांब पट्ट्या फाड. ड्रम कुंड्यांपेक्षा उंच ठेव, नाहीतर दर तीन कुंड्यांमागे एक भरलेली बादली स्टुलावर. पट्टी पूर्ण भिजव, एक टोक पाण्याच्या तळाशी, दुसरं कुंडीतल्या मातीत वीतभर खोल. पट्टी उन्हात उघडी राहिली तर वाटेतच वाळते, म्हणून जुन्या पाइपच्या तुकड्यातून ओव. कुंड्या सगळ्या सावलीकडे सरकव. आणि जायच्या चार दिवस आधीच लावून बघ, जायच्या दिवशी नाही. कुठली पट्टी किती ओढते ते तेव्हाच कळतं.


जास्वंद | २७ एप्रिल, सकाळी ७.००

काल रात्री उशिरा आलो, बॅगा खाली ठेवून आधी गच्चीवर गेले. अक्का, १९ कुंड्या ओल्या होत्या, काडी मधोमध खुपसून बघितली. दोन बादल्यांत पट्टीचं टोक वाऱ्यानं पाण्याबाहेर निसटलं होतं, तिथल्या दोन मिरच्या वाळल्या. पुढच्या वेळी टोकाला दगड बांधून बुडवीन. पिकलेले सव्वादोन किलो टोमॅटो उतरवले, त्यातले चार तडकलेले होते, बूड सगळ्यांचं स्वच्छ. दोन किलो तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत, रविवारी नीलमनगरला घेऊन येते.


नीलमनगरची_अक्का | २७ एप्रिल, सकाळी ७.२५

ये. येताना त्या मिरच्यांची सुगडं मातीतून काढून घेऊन ये, घासून देते.